बोटीवर एकच कुकर

पनवेलच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात ती मला एकदाच भेटली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, दंडावर रंगाचे डाग. पुढ्यात स्टीलच्या भांड्यांची दोन पोती. जवळच्याच विचुंबे गावातला फ्लॅट सोडून ती आणि नवरा शिडाच्या बोटीवर राहायला निघाले होते. एवढी भांडी देऊन तिला घट्ट झाकणाचा एकच कुकर हवा होता. लाटेनं बोट कलली तरी भात सांडायला नको!

दुकानदार एकेक डबा फिरवून कोरलेलं नाव वाचत होता. "वहिनी, सगळ्यांवर साहेबांचं नाव आहे. त्यांना फोन लावा. ते हो म्हणाले की घेतो."

"ते शीड शिवतायत, दोन्ही हात गुंतलेत," ती डब्यावरची धूळ अंगठ्यानं पुसत म्हणाली. "आणि नाव त्यांचं असलं तरी घेतली माझ्या वडिलांनी, घासली मी."

माझं डोकंच फिरलं. "अरे, साहेब भांडी घेऊन आले असते, तर वहिनींना फोन लावला असतास का?" मी असं ओरडले की बाहेरच्या रिक्षावाल्यानंही वळून पाहिलं. दुकानदारानं पोती आत ओढली आणि कुकर काढला.

खरं तर निम्मा राग माझ्यावरच होता. माझ्या माहेरच्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव कोरलं, तेव्हा मी बावळट, ती भांडी शेजारणींना कौतुकानं दाखवत फिरले होते.

जाताना ती हसून म्हणाली, "आजी, येता का बोटीवर?"

"आता गुडघे ऐकत नाहीत गं," मी म्हणाले. पण विसाव्या वर्षी विचारलं असतं, तर म्हणाले असते, सासूबाईंना विचारून सांगते.