कोयत्याला पहिला मान

ढोकीची प्रणिता मास्तरीण इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहायची. तिथं एका शब्दाचे दोन अर्थ असले, की मुख्य पान एकालाच मिळतं, दुसरा दुय्यम पानावर जातो. 'कोयता' या शब्दाचं मुख्य पान ऊसतोडीच्या जोडप्याचं असावं, असं तिनं ठरवलं होतं. मुकादम नवरा-बायकोला मिळून एकच 'कोयता' म्हणतो. माणसं दोन, नाव एक, तेही हत्याराचं! तिचे आईबाप जन्मभर असेच राबले, तिला शिकवलं. हत्यार जाऊ दे दुसऱ्या पानावर!

खंडेनवमीला आई झिजलेल्या कोयत्याला हळदीकुंकू लावत होती.

"आई, पहिलं पान तुम्हा दोघांचं," प्रणिता म्हणाली.

"न्हाय बाई. आधी ह्याचा मान. ह्यानंच आपल्याला पोसलं."

प्रणितानं मुख्य पान हत्यारालाच दिलं. वर फोटो लावला: झिजलेलं पातं, अन् मूठ धरलेला आईचा हात.