उताराची माती

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. शेतकी खात्यात मी नवाच लागलो होतो आणि मातीचे नमुने गोळा करत टाकवे बुद्रुकला गेलो होतो. एका भातखाचराच्या बांधावर बसून मी माती चाळत होतो. शेणाचे, कुजक्या पाल्याचे तुकडे निवडून फेकत होतो. खाचराची मालकीण, साठीची बाई, कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काय टाकताय, भाऊ?"

"कचरा, मावशी. मला नुसती माती हवी."

ती हसली नाही. दोन वाळकी ढेकळं घेऊन आली. एक शेजारच्या पडीक तुकड्यातलं, दुसरं तिच्या खाचरातलं. माझा पाण्याचा तांब्या न विचारता उचलून तिनं पहिलं त्यात सोडलं. बघता बघता त्याचा गाळ झाला. तांब्या विसळून, पुन्हा भरून दुसरं सोडलं. ते तसंच बसून राहिलं.

"निस्ती माती पान्यासंगं जाती. शेणापाल्यानं धरली तरच ऱ्हाती. आमचं रान उताराचं हाय, भाऊ."

मग तिनं ते ओलं ढेकूळ अलगद बाहेर काढलं, जिथून उचललं होतं तिथंच नेऊन ठेवलं आणि कामाला लागली. नाव विचारायचं मला सुचलंही नाही. मी खाली वाकून, फेकलेला कचरा वेचत होतो.