चपट्या गोळ्या

पुरातत्त्व खात्यात नवा असताना मी खाडीकाठच्या जुन्या रणभूमीची मोजणी करत होतो. ओहोटीला एक म्हातारा कोळी रोज भेटे. चिखलात पायाच्या बोटांनी चाचपून तो जुन्या लढाईतल्या शिशाच्या गोळ्या काढी आणि जाळ्याला वजन म्हणून लावी. पण चपटी निघाली, की कपाळाला लावून परत चिखलात खोल दाबी.

मी कारण विचारलं.

“गोल ती चुकलेली, सायेब. चपटी कुनाच्या तरी हाडाला लागलेली हाय. तिच्या वजनानं धरलेला मासा घरात कसा शिजवू?”

लढाईत माणसं कुठे पडली, त्याच्या नकाशासाठी मला नेमक्या चपट्याच हव्या होत्या. तो गेल्यावर मी त्या सगळ्या उकरून काढल्या.

दुसऱ्या दिवशी उकरलेल्या जागा बघून तो थांबला. त्यानं माझ्या जड पिशवीला हात जोडले. मला रोज करायचा तो रामराम मात्र केला नाही.