दोघींची होडी

धरणाकाठच्या त्या शेतात गाडी थांबवली, की शेतमालकीण गोठ्यातून हात पुसत बाहेर येते आणि विचारते, "नणंदबाई नाय आल्या व्हय?" गेलं वर्षभर मी तिला एकच उत्तर देत होते, "पुढच्या वेळी येतील." ती "बरं बरं" म्हणायची आणि माझ्या होडीचं एक टोक उचलायला यायची.

होडी दोन माणसांची आहे. फायबरची, पिवळी आणि उगाचच लांब. शेतमालकिणीच्या शेडमध्ये कडब्याशेजारी ती पालथी पडलेली असते. दोन्ही टोकांना दोरीच्या मुठी आहेत, म्हणजे वल्हवायला दोघं आणि उचलायलाही दोघं. दिवाळीच्या सुमारास पाणी शेडपासून हाकेच्या अंतरावर असतं. नंतर ते मागं मागं जातं आणि एप्रिलमध्ये भेगाळलेला गाळ तुडवत होडी न्यावी लागते. मी पासष्टीची. त्या बाईच्या मागं म्हशी, स्वयंपाक, मका. तिनं माझी होडी का म्हणून वाहावी, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. मला मात्र दर रविवारी पडायचा.

सिडकोत राहणाऱ्या बाईकडे होडी कशी, असं लोक विचारतात. अकरा वर्षांपूर्वी मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्या महिन्यातली गोष्ट. वाळूजच्या एका कंपनीतले साहेब बदली होऊन चालले होते आणि घरातलं सामान विकत होते. मी आणि माझी नणंद तिथं कपाट बघायला गेलो होतो. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं. मागच्या अंगणात ही होडी होती. वन्सं तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, ही घेऊ या का?" मी हसले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसणं आवरलं. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून वन्संनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. आम्ही होडी घेतली. कपड्यांना कपाट नाही ते नाहीच.

वन्संचं लहानपण गोदाकाठच्या गावात गेलेलं, त्या माशासारख्या पोहायच्या. मला पोहता येत नाही. मी जॅकेटचे सगळे पट्टे आवळून मागच्या जागेवर बसायचे. घरात स्वयंपाकघर माझं होतं, निर्णय माझे होते, आणि माझे यजमान गेल्यावर तर सगळंच माझं झालं होतं. वन्सं सकाळच्या शाळेत शिकवून यायच्या आणि जी जागा रिकामी असेल तिथं बसायच्या. होडीत मात्र त्या पुढं. पुढच्याच्या लयीत मागच्यानं वल्हं मारायचं असतं, त्यामुळे आठवड्यातून एक सकाळ मी त्यांच्या मागून चालत असे.

होडीत मागं वळायचं नसतं, तोल जातो. म्हणून वन्सं जे काही बोलायच्या ते समोरच्या पाण्याकडे बघत बोलायच्या आणि मी त्यांच्या पाठीशी बोलायचे. पंचवीस वर्षं एका घरात राहून जे बोलणं झालं नव्हतं, ते तिथं व्हायला लागलं. एकदा त्या म्हणाल्या, "तू लग्न होऊन आलीस तेव्हा मला मुळीच आवडली नव्हतीस." मी म्हटलं, "माहिती आहे." जरा वेळानं त्या म्हणाल्या, "तुझी पुरणपोळी बघून तर फारच वाईट वाटलं होतं." आम्ही इतक्या हसलो, की होडी डुलायला लागली. असं बोलणं संपलं की त्या म्हणत, "चल, वल्हव आता," आणि पहिलं वल्हं टाकत. तो विषय पुन्हा घरी निघत नसे.

एक गोष्ट मला त्या पाठीला सांगायची होती. दर रविवारी सांगायची होती आणि दहा वर्षांत सांगितली नाही.

माझा मुलगा दीड वर्षाचा असताना वन्संना सिल्लोडहून एक स्थळ आलं होतं. शाळेतले शिक्षक, बिजवर, पण माणूस सरळ. वन्सं तेव्हा तिशीला टेकल्या होत्या. ते घरी येऊन गेल्यावर दोन दिवस त्या गुणगुणत होत्या, हे मी ऐकलं होतं. यजमानांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "बिजवराकडे वन्संचं कसं होईल, मला काळजी वाटते." ऐकायला किती चांगलं वाटतं. खरं इतकंच होतं, की मी दहाला बँकेत जायचे आणि शाळेतून आलेल्या वन्सं माझं पोर सांभाळायच्या. त्या गेल्या असत्या तर माझी नोकरी गेली असती. यजमानांनी नकार कळवला. वन्संना सांगायचं काम माझ्यावर आलं. पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं, "पत्रिका जमली नाही म्हणे." आपल्याकडे नकाराला हे एक चांगलं कारण असतं, त्यात कुणाचाच दोष नसतो. वन्सं "बरं" म्हणाल्या आणि पोराला भरवायला बसल्या. नंतर त्यांना स्थळ आलं नाही.

मागच्या वर्षी वन्सं न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथं लिफ्ट आहे, व्यायाम करून घ्यायला बाई घरी येते, सून घरूनच काम करते. मी महिनाभर राहिले. मग परत आले, कारण माझं घर इथं आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे वन्संनी एकदा "राहा" म्हटलं असतं तर मी राहिले असते. त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

इथं आल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. दुपारी कुकर लावायचा तर किती तांदूळ घ्यायचे ते मला कळेना. आठवडाभर मी दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलत नसे, आणि दूधवालाही घाईत असायचा. रविवारी तरी कुठं जायचं म्हणून मी एकटीच धरणावर गेले.

दोघांच्या होडीत मागं एकटं बसलं, की पुढचं टोक वर उचललं जातं आणि वारा होडीला फिरवतो. त्या दिवशी वाऱ्यानं मला सरळ पाण्यातल्या बाभळींत नेऊन घातलं. मासे धरणारा एक माणूस थर्माकोलच्या तराफ्यावरून आला आणि त्यानं मला ओढून काढलं. म्हणाला, "बाई, म्होरं वजन ठिवा कायतरी." पुढच्या रविवारी मी पाण्याचे दोन मोठे कॅन नेले, काठावर मगानं भरले आणि वन्संच्या जागी ठेवले. होडी सरळ चालली. पाठ मात्र दिसेना, दोन निळी झाकणं दिसायची. त्यानंतर वर्षभर मी तशीच जात राहिले. त्या पाण्यात मला जितकं एकटं वाटलं तितकं घरातही वाटलं नाही.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ती विकून टाक. हवा भरायची एका माणसाची मिळते." मी त्याला चार महिने टोलवलं. मग वाळूजहून निवृत्त झालेल्या एका फोरमननं तशी होडी विकायला काढल्याचं कळलं आणि मी त्यांना धरणावर बोलावलं. ते स्कूटरवर, पायाशी एक पिशवी ठेवून आले. पिशवीतून होडी काढली, पायपंपानं दहा मिनिटांत फुगवली आणि एका हातानं उचलून पाण्यात ठेवली. "एकदम हलकी आहे, मॅडम," ते म्हणाले. "ना गाडीवर बांधायची झंझट, ना उचलायची. कुणाची गरजच नाही."

शेवटचं वाक्य मला बोचलं, पण त्यांना काय माहीत.

मी बसले आणि दोन वल्ही मारली. ती होडी वाईट निघावी अशी माझी फार इच्छा होती. पण ती छान होती. मनात आणायचा अवकाश, की वळायची. कॅन नकोत, कुणाची लय धरायला नको. मी पार धरणाच्या मधोमध गेले, बगळ्यांच्या जवळून गेले आणि मला मजा येत होती. मजा येते आहे हे लक्षात आलं तेव्हा मी वल्हवणं थांबवलं. समोर बघितलं तर माझ्या पायांपुढं होडीचं टोक आणि मग पाणी. दुसऱ्या कुणाला बसायला जागाच नव्हती.

गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात फोन होता. मी वन्संना लावला.

"कुठं आहेस?" त्या म्हणाल्या.

"धरणात. एका माणसाची होडी बघते आहे. घेऊ का?"

"बरी आहे का?"

"बरी आहे. सोयीची आहे."

"मग घे की," वन्सं म्हणाल्या. "माणसानं आपली सोय बघावी." आवाजात काही खोच नव्हती. त्या कधीच टोमणे मारत नाहीत. पण मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. ही होडी घेतली तर मागच्या जागेवर बसून सांगायचं कायमचं संपणार होतं.

"वन्सं," मी म्हटलं, "सिल्लोडच्या स्थळाची पत्रिका जमली नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं ना, ते खोटं होतं. मी मोडलं ते. पोराला सांभाळायला कुणी राहिलं नसतं म्हणून."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "माझी पत्रिका कधी केलीच नव्हती. जन्मवेळ कुणी लिहून ठेवली नव्हती आमच्याकडे. दादाची केली, माझी राहिली. मग जमायची कशी?"

पस्तीस-छत्तीस वर्षं मी ते खोटं जपून ठेवलं होतं आणि ते पोळपाटावरच पकडलं गेलं होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत कधी?"

"तू मागं बसलेली असायचीस. म्हटलं, सांगशील कधीतरी."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला तर. तुझ्या पोराला भरवताना सुद्धा असायचा. मग कधी गेला कळलं नाही. आता त्याच्याच घरी राहते आहे मी."

"माझं चुकलं, वन्सं," मी म्हणाले. आमच्यात असं म्हणायची पद्धत नाही. शब्द जड निघाले.

वन्सं म्हणाल्या, "बरं. चल, वल्हव आता. ऊन होईल."

मी काठाला आले तेव्हा फोरमननी विचारलं, "कशी वाटली?" मी म्हटलं, "घेते." त्यांनी हवा सोडली, घडी घातली आणि पिशवीची चेन लावून दिली.

शेतमालकीण पिवळी होडी बाहेर काढायची म्हणून पदर खोचूनच आली होती. "आज नाय न्यायची ही?"

"आता नाही न्यायची," मी म्हटलं. "तुमच्याकडं कुणाला हवी असेल तर द्या. कॅन तुम्हाला राहू द्या."

तिनं विचारलं, "आन् नणंदबाई?"

"त्या आता येणार नाहीत."

"व्हय," ती म्हणाली, "ते कळलं हुतं मला." ती शेडच्या दारात माझ्याजवळ उभी राहिली आणि मला रडू आलं. दहा वर्षं एक बाई पुढं बसून माझ्या एका वाक्याची वाट बघत होती आणि मी तिला हवापाण्याच्या गोष्टी सांगत होते. शेतमालकिणीनं चहा टाकते म्हटलं, मी नको म्हणाले.

मग ती सवयीनं पिशवीचं एक टोक धरायला वाकली. तोवर मी ती एका हातानं उचलून गाडीत ठेवली होती. खरंच हलकी होती.