सहीवर चिकटवलेलं तिकीट

त्या सकाळी मी मेथी निवडत बसलो होतो. म्हणजे पानं कचऱ्यात आणि काड्या ताटात, असं चाललं होतं! तेवढ्यात शेजारच्या अक्का कुंपणावरून ओरडल्या, "मास्तर, तुमना पोऱ्याना फोन शे! अमेरिकाना! पळा!"

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत फोन फक्त अक्कांकडे. मी अनवाणीच पळालो. या फोनची मला धास्तीच होती! का म्हणून विचाराल, तर माझीच हुशारी. ऐका आणि हसू आलं तर दाबू नका.

हिच्या तेराव्याला मुलगा मिलिंद अमेरिकेहून आला होता. तो तिकडे शिकतो आणि कॉलेजातच मुलांना शिकवून थोडं कमावतो. परदेशी विद्यार्थी असला तरी त्या कमाईचा हिशेब तिथल्या आयकर खात्याला द्यावा लागतो म्हणे. फॉर्म त्याने इथेच बसून भरला, सही केली, पत्ता लिहिलेल्या पाकिटात घातला आणि निघायच्या घाईत टेबलावर विसरला.

मुंबईहून विमानात बसायच्या आधी त्याचा अक्कांकडे फोन. "नाना, ते पाकीट फक्त बंद करून रजिस्टर पोस्टाने टाका. मुदतीत नाही पोचलं तर पुढे माझ्या व्हिसाला त्रास होईल."

'फक्त' म्हणाला होता हो! पण मी पडलो मास्तर. तपासल्याशिवाय पाठवायचं? तपासला. तर काय, सही आहे आणि रेव्हेन्यू तिकीट नाही! आम्ही जन्मभर तिकिटावर सही केल्याशिवाय पगाराला हात लावला नाही.

शाळेत पाटील सरांना दाखवला. ते हादरलेच.

"बिनतिकिटाचा सरकारी कागद? परत येईल, मास्तर. लिहून ठेवा."

"पण हे अमेरिकेचं..."

"मग? अमेरिकेत सरकार नाही?"

बिनतोड! धावत पोस्टात गेलो, तिकीट आणलं. पण तिकिटावर सही करणार कोण? सही करणारा तर विमानात! मग तिकीट नेमकं त्याच्या सहीवरच चिकटवलं आणि वरून माझी आडवी सही ठोकली. डिंक भरपूर लावला. सुटायला नको ना!

घरात विचारायला कोणी उरलं नव्हतं. ती असती तर म्हणाली असती, "पोरगा सांगतो तेवढंच करा."

पाकीट रजिस्टर करून टाकलं, पण त्यानंतर झोप कसली? पोचलं असेल का? पोराचं शिक्षण अर्धवट राहिलं तर? पोस्टमन मला बघून रस्ता बदलायला लागला.

आणि आता हा फोन.

"नाना, फॉर्म परत आला."

"बघ! एक तिकीट कमी पडलं का?"



"ते म्हणतात, सही नाही. माझी सही कुठे आहे, नाना?"

"तिकिटाखाली."

"तिकिटाखाली?"

"अरे, अगदी सुरक्षित आहे!"

तो हसायला लागला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. माझा जीव भांड्यात पडला.

"नवा भरून देतो. उशिराचं कारण लिहिलं की चालतं, असं इथल्या ऑफिसात म्हणाले."

"कारण काय लिहिणार?"

"वडील मास्तर आहेत, असं." मग म्हणाला, "नाना, वेळेवर जेवता ना तुम्ही?"

मी म्हणालो, "ते राहू दे. नव्या फॉर्मला तिकीट कुठून आणशील? पाठवू का?"

आणि फोन कट झाला. जेवणाचं सांगायचं राहूनच गेलं.