पूर्णेच्या दरडीतला जबडा

मुक्ताईनगरजवळ पूर्णेच्या काठाला पिवळ्या मातीची तीन-चार पुरुष उंच दरड आहे. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. त्या हिवाळ्यात रोज सकाळी जळगावहून निघून तिथले थर मोजायला जायचे. कोणता थर कुठं संपतो ते ध्यानात राहावं म्हणून दरडीवर लाल रंगाच्या रेघा मारायचे. दुसऱ्या दिवशी पाहावं तर प्रत्येक रेघेवर चिखल थापलेला.

आधी मला वाळूवाल्यांचा संशय आला. मग वर केळीची बाग असलेल्या आबांचा. सत्तरीचे, डोक्याला रुमाल. बांधावर बसून ते दिवसभर माझ्याकडे बघत. नमस्कार केला की नुसती मान हलवत.

चौथ्या दिवशी गोट्यांच्या थरात जबडा दिसला. हजारो वर्षांपूर्वीच्या रानबैलासारख्या जनावराचा, दगड झालेला, तीन दाढा बाहेर आलेल्या. एकटीनं काढण्याजोगा नव्हता. मी फोटो काढला, वरून माती लिंपली आणि काही दिसलंच नाही अशा चेहऱ्यानं सामान आवरलं. वर पाहिलं तर बांध रिकामा. ते काही मला बरं वाटलं नाही.

सकाळी जबड्याच्या जागी नुसतं खिंडार होतं. कडेला पहारीचे ताजे घाव.

मी तडक बागेत गेले. आबांनी आधी मलाच प्रश्न केले. कोणत्या ऑफिसातून आलात, रंग कशासाठी. रस्ता रुंद झाला तेव्हा अशाच लाल खुणा आल्या होत्या, नि मागोमाग त्यांची अर्धी बाग गेली होती. रेघा आपणच बुजवल्या, हे त्यांनी सरळ सांगितलं. जबड्याबद्दल विचारल्यावर मात्र त्यांनी उलट मलाच विचारलं.

“ताई, असं हाड निघालं म्हणजे सरकार वावर घेते ना?”

तसं काही नसतं, असं मी म्हटलं. त्यांना पटलं नाही. लिहून द्या म्हणाले. मी वहीचं पान फाडून लिहून दिलं की मी फक्त माती तपासते, या जमिनीशी माझा काही संबंध नाही. ते त्यांनी सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. मग वाळल्या पानांखालून गोणपाट ओढलं. जबड्याचे तीन तुकडे झाले होते. कडा ताज्या फुटलेल्या होत्या. तुकडे जुळवले तर दाढा दोनच.

“तिसरी?”

“एवढंच होतं,” आबा म्हणाले. सून उठून घरात गेली.

मी फोटो दाखवला नाही. दाखवला असता तर पुढचं कामच थांबलं असतं.

त्यानंतर रेघा कुणी बुजवल्या नाहीत. आबा खाली येऊन टेपचं टोकही धरत. पण रोज निघताना, वहीत काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावत. मी वाचायचे. ‘एक दाढ गहाळ’ ही ओळ तेवढी गाळायचे.