गेलिक अंगाई आणि छडी

वाळत्या मोहफुलांचा उग्र-गोड वास आला, की मला विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या गोरेगावची शाळा आठवते. शाळा पाहायला आलेल्या स्कॉटिश मडमबाईंसमोर कविता म्हणताना मी अडखळले आणि बोलून गेले, “मले भेव लागून राहिला.” आमची घरची झाडीबोली कानी पडताच गुरुजींनी छडी उचलली, मी डोळे मिटून तळहात पुढे केला. “थांबा, गुरुजी,” मडमबाई म्हणाल्या. “आईची गेलिक भाषा बोलले, म्हणून शाळेत मीही मार खाल्ला. आता तिकडे तीच पुन्हा शिकवू लागले आहेत.” मग त्यांनी गेलिकमधली एक अंगाई हळूच गुणगुणली. “समजली?” “नाही जी, पण गोड लागून राहिली.” गुरुजींनाच हसू फुटले, छडी कोपऱ्यात गेली. आजही कविता लिहिताना एखाद्या शब्दावर अडखळले, तर तो शब्द मी आधी झाडीबोलीत उच्चारून पाहते; तळहात आता छडीसाठी पुढे होत नाही.